विहीणबाईंच्या मापाचा ओटा

दिवाळी अंकासाठी काही लिहून द्या म्हणून अंकाचे एक कार्यकर्ते घरी आले, तेव्हा मी त्यांना दोनदा विचारलं की तुम्हाला नक्की मीच हवा ना. आमच्या गावात एक निवृत्त हेडमास्तर आहेत, बोटीवर नोकरी करून जग बघून आलेला एक जण आहे. मी म्हसळा-श्रीवर्धन पट्ट्यात आयुष्यभर लोकांच्या स्वयंपाकघरात ओटे आणि सिंक बसवले, त्यात लिहिण्यासारखं ते काय? ते म्हणाले, काका, तेच लिहा, गिऱ्हाइकांच्या गमतीजमती लिहा. गमती आहेत, नाही असं नाही. पण लिहायला बसलो की गमती बाजूला राहतात आणि एकच घर डोळ्यांसमोर येतं, आणि ते आठवलं की या वयातही कानाच्या पाळ्या गरम होतात. तेव्हा गमती थोडक्यात उरकतो आणि त्या घराकडे वळतो.

आधी धंदा काय तो सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. लोकांना वाटतं ओटा म्हणजे दगड. ग्रॅनाइट काळा घ्यायचा की हिरवा, कडा गोल की सरळ, यावर घराघरांत आठवडा आठवडा अबोला. सिंकचं नाव शेवटी निघतं, आणि ते नवरा बाजारातून येता येता घेऊन येतो, कोथिंबिरीची जुडी आणल्यासारखं. अहो, दगड नंतर. आधी सिंक. दगडाला एकदा भोक पाडलं की ते बुजत नाही. श्रीवर्धनच्या एका गुरुजींनी घाईघाईने आधी दगड कापून घेतला आणि मग त्यांच्या मेहुण्याने मुंबईहून सिंक पाठवलं. ते भोकातून सरळ खाली जमिनीवर गेलं. गुरुजी मला विचारतात, दगड जरा आवळता येईल का? मी म्हटलं, गुरुजी, तुम्ही शाळेत विज्ञानच शिकवता ना? त्यानंतर बरीच वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत.

सिंक दोन तऱ्हेने बसतं. एक वरून बसणारं. त्याची कड दगडावर टेकते, भोक जरा ओबडधोबड झालं तरी झाकलं जातं, आणि उद्या सिंक खराब झालं तर उचलून दुसरं ठेवता येतं. तोटा एवढाच की ओटा पुसताना पाणी त्या कडेला अडतं, तिथे मळ धरतो. दुसरं खालून बसणारं. ते दगडाच्या पोटाला चिकटवायचं. ओट्यावरचं पाणी, भाताची शितं, सगळं एका हाताने सरळ आत. दिसायलाही छान. पण भोकाची कड आतून घासून गुळगुळीत करावी लागते, पुढे उरलेली दगडाची पट्टी नाजूक असते, आणि सांध्यातून गळायला लागलं की ओट्याखाली उताणं पडून काम करायला माझ्यासारखा कोणीतरी लागतो. मग एक खणाचं की दोन खणांचं? दोन खण चांगले, एकात घासा, दुसऱ्यात विसळा. पण प्रत्येक खण लहान होतो आणि मोठा टोप कशातच मावत नाही. म्हसळ्याच्या एका खालांनी हा प्रश्न एका फटक्यात सोडवला. त्या बिर्याणीची देग रिक्षात घालून थेट दुकानात आल्या आणि एकेका सिंकमध्ये ती उतरवून बघितली. ज्यात देग बसली ते घेतलं. दुकानदार हसत होता, मी हसलो नाही. त्या दिवसापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो की घरातलं सगळ्यात मोठं भांडं घेऊन चला.

आणि स्टील बघून घ्या. आमच्याकडची खारी हवा हलक्या स्टीलला वर्षभरात देवी आल्यासारखे तपकिरी ठिपके आणते.

आता या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे उंची. ओट्याची उंची आणि सिंकची खोली ही दोन्ही मापं एकत्र बघावी लागतात, कारण भांडी ओट्यावर नाही घासत, सिंकच्या तळाशी घासतात. ओटा आधीच बुटका आणि त्यात सिंक दहा इंच खोल, तर बाईला भांडी घासताना अख्खा दिवस विहिरीत डोकावल्यासारखं उभं राहावं लागतं. सिंक उथळ असलं तर तेवढी कंबर वाचते. कंपन्यांनी एक ठरावीक उंची छापून ठेवलीय, ती कोणासाठी काढली देव जाणे. मी ती कधी मानली नाही. माझी पद्धत अशी, की जी बाई त्या ओट्यावर काम करणार तिला भिंतीला पाठ लावून उभं करायचं, हात कोपरात दुमडायला सांगायचं, आणि लाल पेन्सिलीने कोपराशी भिंतीवर खूण करायची. त्या खुणेच्या चार बोटं खाली ओटा.

साधी गोष्ट, पण तिच्यावरून मी किती भांडणं केलीत. माप घ्यायच्या वेळी पुरुष पुढे येतात. आयुष्यात कपबशी विसळलेली नसते आणि मला उंची सांगतात. दिवेआगरच्या एका बंगलेवाल्याने, आमच्या मिसेस बिझी आहेत, माझं माप घ्या म्हणून कोपर पुढे केलं. मी टेप खिशात घातला आणि मिसेस मोकळ्या झाल्या की फोन करा म्हणून निघालो. एका घरी सासू म्हणाली, सुनेचं माप कशाला, ओटा माझा. मी तिला विचारलं, आजी, भांडी कोण घासतं? मग सुनेला बोलावलं आणि खूण केली. त्या सुनेने मला दारापर्यंत पोचवायला येऊन वाडीतली पिकलेली पपई दिली होती. बाजारात लोक म्हणायचे, हा माणूस बायांच्या बाजूने भांडतो. मला ते ऐकून बरं वाटायचं. आता तेच आठवून वाईट वाटतं.

माझी एकुलती एक मुलगी दर्शना. उंच आहे, माझ्या डोक्याच्या वर जाते. तिला दिवेआगरला दिली, आमच्याच समाजात. नारळी-सुपारीची वाडी, माणसं समाधानी. मोठं वादळ आलं त्यात त्यांची अर्धी वाडी आडवी झाली. सुपारीचं झाड उभं राहून फळाला यायला वर्षं लागतात, तोवर खायचं काय, म्हणून त्यांनी मागच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली आणि सोबत घरगुती जेवण. विहीणबाईंच्या हाताला चव. सुरमईचं कालवण, नारळाच्या रसातलं बिरडं, तांदळाच्या भाकऱ्या. लोक परत परत येऊ लागले. जावई महाडला कंपनीत, तो आठवड्याच्या सुट्टीला घरी. व्याही वाडीत. म्हणजे स्वयंपाकघरात बाया दोनच. विहीणबाई रांधणार आणि बाकी सगळं, म्हणजे मासे धुणं, टोप घासणं, ताटं विसळणं, दर्शनाकडे.

ते स्वयंपाकघर मी लग्नात बघितलं होतं. विटांचा बुटका ओटा, कोपऱ्यात मोरी. व्याह्यांच्या घरात सगळेच ठेंगणे, ओटाही तसाच. दर्शनाची कंबर दुखते हे ती मला कधी बोलली नाही, आईला बोलली. डॉक्टरने वाकायचं काम बंद करा म्हणून सांगितलं होतं. वाकायचं काम बंद करायचं म्हणजे तिने करायचं काय? बायको मला हे सांगायची आणि मी हं हं करायचो. मुलीच्या घरात बापाने नाक खुपसायचं नसतं, असं म्हणून मी विषय मिटवायचो.

आणि मग विहीणबाईंचाच फोन आला. नवीन ओटा घालायचाय, घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला. मला काय आनंद झाला सांगू. बायकोला म्हटलं, बघ, देवाने परस्पर सोय केली, पोरीची कंबर सुटली. इस्त्रीचा शर्ट घातला, कारण व्याही म्हणून जायचं, आणि खिशात टेप घातला, कारण कारागीर म्हणूनही जायचं. सोबत पाण्याची बाटली आणि डबा. नातवंड होईपर्यंत मुलीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत, ती मी पाळतो. विहीणबाईंनी बाटलीकडे बघून घेतलं.

स्वयंपाकघरात त्या उभ्या होत्या, आणि मोरीवर बसून दर्शना कोलंबी सोलत होती. मी भिंती बघितल्या, पाण्याची लाईन बघितली, उजेड कुठून येतो ते बघितलं. मग मापाची वेळ आली. इतर कुठल्याही घरी माझ्या तोंडून आपोआप प्रश्न निघाला असता, भांडी कोण घासतं? इथे मी तो विचारला नाही. उत्तर तर समोर बसलं होतं, कोलंबीने हात बरबटलेलं. पण मी तिला बोलावलं तर त्याचा अर्थ काय होणार? सासू जिवंत, हिंडती-फिरती, आणि मुलीचा बाप येऊन तिच्या ओट्यावर आपल्या पोरीचं माप घेतोय. चार नातेवाइकांत बोलणं झालं असतं की बघा, बाप आला आणि स्वयंपाकघर पोरीच्या नावावर करून गेला. नंतर ते सगळं भोगायचं कोणी? दर्शनानेच. असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला भीती वाटली, दुसरं काही नाही.

मी म्हणालो, "विहीणबाई, या. तुमचं माप घेऊ."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग पदर खोचला आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. मी खूण केली. माझ्या छातीच्याही खाली आली ती खूण. दर्शनाने मान वर केली नाही. कोलंबी सोलत राहिली, फक्त तिचा हात जरा हळू झाला असं मला वाटलं. कदाचित झालाही नसेल, मलाच तसं दिसलं असेल.

घरी आलो तर बायकोने पहिला प्रश्न तोच विचारला, दर्शनाचं माप घेतलंत? मी म्हटलं, अगं, तिथे कसं घेणार, रीतभात काही आहे की नाही. तिने ताट वाढलं, समोर ठेवलं आणि म्हणाली की गावोगावच्या बायांची कोपरं तुम्हाला पाठ आहेत, स्वतःच्या पोरीचं तेवढं मोजता आलं नाही. पुढे दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मी चिडलो तिच्यावर. लाज वाटली की मी चिडतो, हे तिला माहीत आहे.

तरी काम सुरू केलं. कडाप्पाच्या उभ्या पट्ट्या विहीणबाईंच्या मापाने कापल्या आणि भिंतीलगत सिमेंटमध्ये उभ्या केल्या. त्यांच्यावर आडवा दगड यायचा होता, आणि तो सिंक ठरल्याशिवाय कापायचा नव्हता. पट्ट्या उभ्या राहिल्या तेव्हा दर्शना तिथून पाण्याची कळशी घेऊन गेली. पट्ट्यांचं वरचं टोक तिच्या मांडीशी आलं. मग मी विचार केला की ओटा गेला तर गेला, सिंक तर आपल्या हातात आहे. उथळ घेऊ, सहा-सात इंची. तेवढाच पोरीला कमी वाक पडेल आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही. आपल्याला बोलायला नको, मागायला नको. मी स्वतःवर खूश झालो. उघड बोलायची हिंमत नसलेल्या माणसाला अशा युक्त्या फार सुचतात.

सिंक घ्यायला विहीणबाई स्वतः आल्या. सांगितल्याप्रमाणे घरातला सगळ्यात मोठा टोप पिशवीत घेऊन आल्या. श्रीवर्धनला आमच्या ओळखीचं दुकान आहे, हनीफभाईंचं, वर्षानुवर्षं मी गिऱ्हाइकं तिथेच नेतो. विहीणबाईंनी रांगेतली सिंक बघितली आणि थेट एका मोठ्या, एक खणाच्या, दहा इंच खोल सिंकसमोर उभ्या राहिल्या. टोप काढून आत ठेवला. अख्खा बुडाला. त्यांचा चेहरा खुलला. पाहुण्यांच्या गर्दीत टोप तिरका करून घासावा लागतो, पाणी अंगावर उडतं, त्याचा त्यांनाही कंटाळा आला होता. सिंक खरोखरच उत्तम होतं. जाड पत्रा, कोपरे नीट, खाऱ्या हवेत टिकेल असं स्टील. दुसऱ्या कोणाच्या घरचं काम असतं तर मीच हात धरून तिथे उभं केलं असतं.

आणि मी बोलायला लागलो. म्हटलं, विहीणबाई, हे खोल सिंक आपल्याकडे चालत नाही. घाण तळाशी बसते. त्याचा पाईप खाली येतो, मग बाहेरच्या गटाराला उतार मिळत नाही. खोल सिंकमध्ये आवाज फार होतो. माशाचा वास राहतो. एकापुढे एक, जे तोंडात येईल ते. एकही गोष्ट धड खरी नव्हती. त्यांच्या घरचा पाईप तर जमिनीच्या पातळीत होता, मीच बघून आलो होतो.

हनीफभाई बिचारा सरळ माणूस. त्याला काय ठाऊक माझ्या मनात काय चाललंय. तो म्हणाला, "मामा, मागच्या महिन्यात तर तुम्हीच हेच सिंक तीन घरांत लावलंत. आणि मला म्हणालात, असा माल परत मागव."

मी हसण्याचा प्रयत्न केला. काहीतरी बोललो, ती घरं वेगळी, पाणी वेगळं. हनीफभाईने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि उगाच समोरच्या नळांवरची धूळ पुसायला लागला. इतक्या वर्षांचा माझा शब्द त्या दुकानात चालायचा, तो मी तिथल्या तिथे घालवला. विहीणबाईंनी टोप उचलला, पिशवीत घातला आणि म्हणाल्या की घरी जाऊन ठरवू. रिक्षात परत येईपर्यंत त्या समुद्राकडे तोंड करून बसल्या होत्या आणि मी माझ्या बाटलीचं बूच फिरवत होतो.

घरी आल्यावर त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या, त्या बुटक्या पट्ट्यांजवळ उभ्या राहिल्या. व्याही वाडीत होते. दर्शना मागच्या दारी पाहुण्यांची ताटं घासत होती, भांड्यांचा आवाज येत होता. विहीणबाई हळूच बोलल्या, बाहेर ऐकू जाऊ नये एवढ्या बेताने.

"व्याही, दुकानात जे खोटं बोललात ते कुणासाठी बोललात, मला काय कळत न्हाय?"

मी पट्टीवर वाळलेलं सिमेंट नखाने खरवडायला लागलो.

"मला भिंतीला उभी केलीत तेव्हाच मी तुमच्याकडं बघितलं होतं. म्हटलं आता बोलतील, मग बोलतील. तुमची पोर समोर बसली होती. एकदा सरळ तोंडाने म्हणाला असतात, की विहीणबाई, पोरीची कंबर दुखते, ओटा तिच्या मापाचा करू, तर काय मी तुम्हाला घराबाहेर काढणार होते?"

मी म्हणालो, "मुलीच्या बापाने कसं बोलायचं?"

त्या म्हणाल्या की आपणही काही बोललो नाही, ते खरं. सासू आहोत, आपल्याला आधी बोलावलं याचं बरंच वाटलं, म्हणून उभ्या राहिलो. पण घरी तिला रोज रात्री कमरेला फडकं बांधताना बघतो तेव्हा ते बरं वाटणं टिकत नाही. हे त्यांनी असं सांगितलं की मला त्यांच्यावर रागही धरता येईना.

आणि मग म्हणाल्या, "तुमचं हे आजचं न्हाय, व्याही. आम्ही बघायला आलो तेव्हा पण तुम्ही असंच केलंत. दाराशी तिच्या कानात काहीतरी बोललात आणि पोर गुडघ्यात वाकून उभी राहिली, आमच्या पोरापेक्षा उंच दिसू नये म्हणून. मला काय दिसलं न्हाय? लांब पोरगी हाय म्हणून तर मी पसंत केली. या घरात माळ्यावरचा डबा काढायला शिडी लागायची."

त्या हसल्या. मला हसता आलं असतं तर बरं झालं असतं. मला तो दिवस लख्ख आठवला. दोन स्थळं उंचीवरून परत गेली होती आणि हे तिसरं होतं. मी तिच्या कानात म्हणालो होतो, जरा बेताने उभी राहा. त्यात वावगं काय, सगळेच बाप काहीबाही सांगतात, असं मला तेव्हा वाटलं होतं. आणि ही बाई ते तेव्हापासून जाणून होती, आणि इतक्या दिवसांत कधी उकरून काढलं नव्हतं. जमिनीने पोटात घ्यावं म्हणतात, तसं मला त्या कडाप्पाच्या पट्ट्यांसमोर झालं.

"सिंक तेच आणा, दहा इंची," विहीणबाई म्हणाल्या. "ओटा तिच्या मापाचा करा. मी पायाखाली पाट घेईन. फोडणी द्यायला मला कितीसं उभं राहायचंय."

पट्ट्या उखडाव्या लागणार होत्या, सिमेंट फोडावं लागणार होतं, नवा कडाप्पा आणावा लागणार होता. त्याचं मला काही नव्हतं. उलट मला तिथल्या तिथे हातोडा घ्यावासा वाटत होता, म्हणजे मान खाली घालून काहीतरी करता आलं असतं. पण त्यांनी मागच्या दाराकडे तोंड करून हाक मारली, दर्शना, हात पूस आणि आत ये.

ती आली. हात ओले, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. एकदा सासूकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं, काय झालं ते तिला कळेना. विहीणबाईंनी भिंतीकडे बोट केलं, तिथे उभी राहा, तुझे बाबा माप घेतायत. माझ्या मुलीचा चेहरा त्या वेळी कसा झाला ते मी लिहू शकत नाही. ती भिंतीशी गेली, पाठ लावली, हात कोपरात दुमडला. लग्नाच्या आधी ओट्यांच्या कामावर तिने माझ्याबरोबर हे कितीतरी वेळा बघितलेलं, तिला सांगावं लागलं नाही.

मी पेन्सिल घेऊन पुढे झालो आणि थांबलो. तिचे खांदे भिंतीला टेकलेच नव्हते. मान पुढे आलेली, गुडघे किंचित मोडलेले. तिचे डोळे माझ्या डोळ्यांच्या पातळीत होते. एरवी मला तिच्याकडे वर बघावं लागायचं, आता लागत नव्हतं.

मी म्हणालो, "बाय, सरळ उभी राहा."

ती म्हणाली, "सरळच उभी आहे, बाबा."

मला वाटलं ती सासूसमोर लाजतेय. मी तिच्या दोन्ही खांद्यांना हात लावला आणि हळूच मागे रेटलं, भिंतीला टेकवायला. तिने ओठ दाबला, आणि बारीक आवाजात म्हणाली, "नको, दुखतंय."

मी हात काढले. विहीणबाई दुसरीकडे बघायला लागल्या. तिचं कोपर जिथे होतं तिथे खूण करायला माझा हात धजेना, कारण तसा ओटा झाला असता तर ती कायमची तेवढीच राहिली असती. मी तिच्या कोपराच्या वर पेन्सिल टेकवली. पण किती वर, हे मला कळेना. माझी मुलगी सरळ उभी राहिली तर केवढी होते, ते मला आठवत नव्हतं. शेवटी मी तिलाच विचारलं, आणि तिने मान न वळवता हात मागे नेऊन, भिंतीवर चाचपडत, बोटाने जागा दाखवली.